कॅमेऱ्याला सांगून गेलेले काका

आमचे घरमालक रोज सकाळी साडेसहाला कापूरहोळच्या चौकात पोलिसांच्या कॅमेऱ्याखाली उभे राहत, टोपी सारखी करत आणि वर बघून मोठ्याने सांगत, "कापूरहोळ. सकाळचं साडेसा. दूध आनाया चाललो." तेच पुन्हा एकदा सांगत आणि मग डेअरीकडे चालू लागत. परतताना नुसतं "आलो."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी नसरापूरच्या शेअर रिक्षात बसले होते. त्यांच्या घरात राहायला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "घाबरू नका मॅडम. डोकं जाग्यावर हाय त्यांचं. फक्त जागा येगळी हाय."

संध्याकाळी मी काकांना विचारलंच.

"त्या कॅमेऱ्याला दिसतंय, पन कळत न्हाई," काका म्हणाले. "कोन चाललाय, कशापायी चाललाय, ते कुनीतरी सांगाया नगं? न्हाईतर उद्या म्हनत्याल, म्हातारा संशयानं फिरत व्हता."

मी नसरापूरजवळच्या एका फुलांच्या नर्सरीचं ऑफिस सांभाळायचे. कामगारांची हजेरी, औषधांचा साठा, गाड्यांच्या वेळा, या सगळ्याच्या याद्या करणं हे माझं काम होतं आणि सवयही. चार वर्षं मी काकांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते हयात आहेत, आणि स्वतः वाचल्याशिवाय कुठल्या कागदावर आपलं नाव आलेलं त्यांना खपत नाही.

त्यांची सगळी नोकरी भाटघरला धरणावर गेली. काम एकच: पाण्याची पातळी वाचायची, वहीत लिहायची आणि फोनवरून कळवायची. आकडा मोठ्याने दोनदा वाचायचा, मगच लिहायचा. दुसऱ्याने सांगितलेला आकडा लिहायचा नाही. एकदा धो धो पावसात जोडीदाराने छपराखालूनच पातळी सांगितली, तर काकांनी वही मिटली, खोळ डोक्यावर घेतली आणि स्वतः खाली पाण्यातल्या आकड्यांच्या पट्टीपर्यंत जाऊन आले. "काय फरक निघाला?" मी विचारलं. "कायबी न्हाई," काका म्हणाले. "त्यानं सांगितला त्योच आकडा व्हता. पन आता त्यो माजा व्हता."

निवृत्त झाल्यावरही ते तसेच राहिले. काकींचा ताप थर्मामीटरवर दोनदा वाचत. मीटर वाचायला माणूस आला की त्याच्या मागे उभे राहून आकडा स्वतः वाचत आणि मग त्याला लिहायची परवानगी देत.

यंत्रांबद्दलची त्यांची मतं पक्की होती, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. मोबाईल त्यांनी घेतला नाही. "नोकरीत व्हतो तवा घंटी वाजली की पळायचो. आता कशाला खिशात घंटी घेऊन फिरू?" घरात तारेचा फोन होता आणि तो वाजला की उचलण्याआधी ते खाकरून घेत. मिक्सरमधली चटणी ते ताटाच्या कडेला सारत. एलईडीच्या बल्बवर मात्र त्यांचा फार जीव. "ह्यो एक शोध बरा लागला," म्हणत त्यांनी घरामागच्या भाड्याच्या आठही खोल्यांना आणि संडासाला स्वतः ते बल्ब लावले होते. पावसाळ्यात माझ्या मोबाईलवरचा पावसाचा अंदाज ते मला वाचायला लावत, संध्याकाळी अंगणात जाऊन वर बघत आणि वहीत बरोबर किंवा खोटं अशी खूण करत. पहिल्याच वर्षी बरोबरच्या खुणा जास्त निघाल्या. तेही त्यांनी डेअरीवर सगळ्यांना स्वतःहून सांगितलं.

त्या आठ खोल्यांत बावीस कामगार राहत. झारखंडचे, बिहारचे, बंगालचे. हायवेच्या कडेच्या बांधकामांवर, वेल्ह्याकडच्या फार्महाऊसांवर फरशी, प्लास्टर, सळई बांधायची कामं करत. सकाळी ते नळावर दात घासत असताना काका ओट्यावर चहा घेऊन बसत आणि त्यांच्या तोंडावरच भाषण सुरू करत.

"ह्या समद्यांला आपापल्या गावी धाडाया पायजे."

"मग खोल्या रिकाम्या पडतील, काका."

"पडूंद्या. आमची पोरं वाकाया तरी शिकत्याल. गुडघ्यावर बसून फरशी बशिवनारा एक पोरगा दावा मला ह्या भोर तालुक्यात." आणि त्याच दमात नळाकडे बघून, "ए दुलाल, खोकला ऱ्हायला का? काकीकडनं काढा घेऊन जा. आन् तोंड फिरवून खोक."

दुलाल हा मालदा जिल्ह्यातला, गंगेकाठचा. तिशीचा फरशीवाला. कोपऱ्यातल्या खोलीत चार वर्षं राहत होता. त्याने मराठी काकांच्या बोलण्यावरून उचलली, त्यामुळे त्याला आधी सगळे रागाचे शब्द आले. माझ्या नर्सरीत बाथरूमची फरशी बसवायला आला तेव्हा साहेबांना आदबीने म्हणाला, "साहेब, बाजूला मर." माझ्या हातातली वही पडली होती.

एका रविवारी चौकीवरचे हवालदार भाडेकरूंचे फॉर्म घेऊन आले. वेल्ह्याकडचे, शांत माणूस. फॉर्मच्या तळाशी छापलं होतं की वरील माहिती मी स्वतः तपासली असून ती खरी आहे. त्याखाली घरमालकाची सही.

"काका, इथं सही करा."

"म्या न्हाई तपासली."

"अहो, ते नुसतं छापलेलं असतं."

"मग 'न तपासता सही केली' आसं छापा. लगीच करतो."

"आधार कार्डं बघितली ना तुम्ही सगळ्यांची?"

"कार्डं बगितली. गाव कुठं बगितलं?"

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची दया आली. मी म्हटलं, साहेब, तूर्त मी साध्या कागदावर यादी करून देते, फॉर्मचं सावकाश बघू. त्याच दुपारी बसून मी यादी केली. नाव, मोबाईल, ओळखपत्राचा नंबर, कायमचा पत्ता, एवढं त्यांनी मागितलं होतं. मी दोन रकाने वाढवले: काम आणि भाषा. नर्सरीतल्या यादीत ते असतात, म्हणून हात आपोआप गेला.

काका कागद लांब धरून बघत होते. "भाषा कुनी मागितली?"

"असू द्या काका. यादी पुरी दिसते."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

बारा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी सातला, दारात जीप उभी राहिली. हवालदारांच्या हातात माझा कागद होता. माझं अक्षर, माझ्या पट्टीने मारलेल्या रेघा. सहा नावांपुढे लाल पेन्सिलीची टिंबं होती. सहाही नावांच्या पुढे मी बंगाली असं लिहिलेलं होतं.

"वरून आलंय मॅडम. बंगाली बोलणारे सगळे तपासायचे, इथले का सीमेपलीकडचे. बाकी घरमालकांचे फॉर्म घेऊन आम्ही बसलोय, काही समजत नाही कोण कुठला. तुमची यादी फार कामाला आली बघा."

ते मनापासून बोलत होते. मी गॅलरीत उभी होते, हातात ओले कपडे. खाली सहा जण एका रांगेत जीपकडे चालले होते. दुलालच्या तोंडाला अजून टूथपेस्टचा फेस होता. त्याने मान वर करून मला नमस्कार केला. त्याला वाटलं, मी त्यांच्या मदतीला उभी आहे.

पाच जण संध्याकाळी परत आले. त्यांच्या गावी फोन लागले, कुणाचे सरपंच बोलले, कुणाची शाळा सापडली. दुलालचं गाव सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी चौकीवर गेलो. दुलाल बाकावर बसला होता. हवालदारांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली.

"हा बघा जिल्हा. हा तालुका म्हणू. याच्या पत्त्यावरचं गाव यात नाहीच. तिकडच्या पोलीस ठाण्याला फोन केला, त्यांचं बोलणं मला कळेना आणि माझं त्यांना. आईला फोन लावून देतो म्हणतो, पण घरच्यांचं सांगणं वर चालत नाही. विचारलं याला, तर म्हणतो गाव नदीत गेलं. आता गाव कुठं नदीत जातं का?"

"जातं की," काका म्हणाले.

हवालदारांनी स्क्रीनवरून मान वर केली.

"माज्या आज्याचं गेलंय भाटघरच्या पान्यात. उनाळ्यात पानी उतारलं की घराची जोती दिसत्यात. म्या चौतीस वर्सं त्याच्यावरचं पानी मोजलं. कॉम्प्युटरात हाय का बगा आमचं गाव."

"तुमची गोष्ट वेगळी काका. तुमचं पुनर्वसन झालं, सातबारा आहे."

"ह्याला सातबारा नदीनं दिला न्हाई, म्हनून ह्यो परदेशी?"

साडेतीन वर्षं राहूनही मला हे ठाऊक नव्हतं. काका भाटघरच्या पाण्याबद्दल तासन्‌तास बोलत, पण खाली काय आहे ते कधी बोलले नव्हते.

हवालदारांनी सुटका करून घेतल्यासारखं सांगितलं. दुलालने रोज सकाळी चौकीवर येऊन बसायचं, संध्याकाळी घरी जायचं. कागद आणि मोबाईल चौकीतच राहणार. पुढच्या शुक्रवारपर्यंत पत्त्याची खात्री झाली नाही तर त्याला पुण्याला वरच्या कार्यालयात पाठवावं लागेल, आणि तिथून पुढे सीमेवर नेतात का कुठे नेतात, ते त्यांच्या हातात नाही. मग ते काकांना म्हणाले, "आणि काका, तुमची सही नाही. घरमालक म्हणून तुम्हालाही विचारणा होईल. गाव सोडून कुठं जायचं झालं तर आम्हाला कळवून जात जा."

"कळवीन की," काका म्हणाले.

सोमवारी सकाळी काका दूध आणायला गेले ते आलेच नाहीत.

नऊ वाजता काकी वर आल्या. "व्हय ओ मॅडम, दुरडीतल्या भाकरी कुणी नेल्या? काल सांच्याला म्या वीस भाकरी थापून ठिवल्या व्हत्या, पाव्हणे येनार म्हनून सांगितलं ह्यांनी. पाव्हणं न्हाई, भाकरी न्हाई, आन् ठेच्याची बरनी बी न्हाई."

मी यादी केली. भाटघर. भोरचा दवाखाना. नसरापूरचा बाजार. वेल्ह्याला राहणारी बहीण. डेअरी. सुट्टी टाकली आणि दुपारी चारपर्यंत पाचही नावांवर काट मारून झाली. काकी ओट्यावर बसून होत्या. त्या रडल्या नाहीत; दर पाच मिनिटांनी उठून रस्त्याकडे बघून यायच्या. मी त्यांना घेऊन चौकीवर गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, मोबाईल नाही, ओळखपत्र घरात कपाटात.

"कॅमेरा बघू," हवालदार म्हणाले.

सकाळचं साडेसहा. चौक जवळजवळ रिकामा. धोतर, टोपी, खांद्याला कापडी पिशवी, हातात काठी. काका नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले आणि वर बघून बोलू लागले. रोज एक वाक्य असे. आज ते बोलतच राहिले. मध्ये पिशवी उचलून दाखवली. खिशातून चिठ्ठी काढली, ती लांब धरून वाचली. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग हात जोडले आणि स्वारगेटच्या एसटीत चढले.

"आवाज वाढवा ना," मी म्हटलं.

हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "याला आवाज नसतो, मॅडम."

मी स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांना सांगितलं होतं कळवून जा, आणि त्यांनी कळवलं होतं. पोलिसांच्याच कॅमेऱ्याला, दोनदा, काही न वगळता.

बाकावरून दुलाल उठून मागे येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "दीदी, परत लावा." परत लावलं. "काका मालदा बोलला," तो म्हणाला. मग आमच्याकडे न बघता सांगितलं, "काल शाम को काकाने मेरा पता लिखा. माँ का नाम. कौनसी गाडी, कहाँ उतरना. दोन बार बोलवाया. मला वाटलं फॉर्म भरतो."

काकींनी विचारलं, "कितीक लांब हाय त्ये?"

दुलाल म्हणाला, "तीन दिन."

"ह्यो मानूस साताऱ्याच्या पल्याड गेला न्हाई कदी," काकी म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

मंगळवार गेला. बुधवार गेला. हवालदारांनी रेल्वे पोलिसांना कळवलं, फोटो पाठवला. फोटोही कॅमेऱ्यातलाच, तोंड उघडं असलेला. काकींनी घरात दुसरा फोटो शोधला, तर तो लग्नातला निघाला. मी रोज सकाळी कामावर जाताना चौकीत डोकावायचे. दुलाल बाकावर असायचा. माझ्याशी तो नेहमीसारखा बोलायचा, ते मला जास्त लागायचं. एकदा मी म्हटलं, "दुलाल, ती यादी मी केली होती." तो म्हणाला, "मालूम है, दीदी. चांगली लिहिली. सगळं बरोबर होतं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी कितीतरी वेळ तो शोधत राहिले.

गुरुवारी दुपारी हवालदार मोटरसायकलवरून थेट नर्सरीत आले. कामगारांसमोरच म्हणाले, "मॅडम, काका सापडले. पकडलेत त्यांना."

"कुणी?"

"तिकडच्या पोलिसांनी."

मी हजेरीची वही मिटून त्यांना ऑफिसात नेलं.

झालं होतं ते असं. काका गंगेकाठी पोचले आणि पोचल्या पोचल्या कामाला लागले. काठीवर त्यांनी खुणा केलेल्या होत्या. ते काठावरून काठी टाकत चालले, काठ किती सरकलाय ते तिथल्या शाळेपासून पाण्यापर्यंत मोजत, वहीत लिहीत, भेटेल त्याला चिठ्ठीवरचं नाव विचारत, भोरच्या मराठीत. कुणाला काही कळेना. धोतर टोपीतला परका म्हातारा नदीचा काठ मोजतोय आणि एका बाईचा पत्ता विचारतोय, म्हटल्यावर लोक जमले. कुणी म्हणालं जमीन बळकावायला आलाय, कुणी म्हणालं मुलं पळवायला. शेवटी पोलीस आले. कागद मागितले. कागद नव्हते. कोण, कुठले, कशाला आलात? काकांनी वहीच्या पहिल्या पानावरचा आमच्या चौकीचा नंबर दाखवला.

"आणि मला फोन आला," हवालदार म्हणाले. "या वेळी त्यांनी हिंदी बोलणारा साहेब दिला होता. म्हणाला, एक संशयित इसम आहे, तुमचा आहे का. मी म्हटलं, आमचाच आहे, सोडू नका त्यांना, चहा द्या. आणि तेवढ्यात मला वाटलं, आता लाईन लागलीच आहे तर विचारून घेऊ. दुलालचं गाव सांगितलं. तो साहेब हसायला लागला. म्हणाला, अहो, ते गाव गेलं, निम्मी हद्द नदीत गेली आमची. लोक वरच्या अंगाला नव्या वस्तीत आहेत, तिचं नाव वेगळं. आणि त्याची आई तर इथंच बसलीय माझ्यासमोर, तुमच्या म्हाताऱ्याला सोडा म्हणून भांडतीय."

"तिने काकांना कसं ओळखलं?"

हवालदार पहिल्यांदाच हसले. "ते तुम्ही काकांनाच विचारा."

शुक्रवारी सकाळी तिकडच्या ठाण्याचा कागद आला. दुलालला मोबाईल आणि कागद परत मिळाले. तो पुण्याला गेला नाही.

काका पुढच्या सोमवारी उतरले. टोपी मळलेली, आवाज बसलेला, काठी तीच. काकींनी त्यांना दारातच उभं करून पायावर पाणी घातलं. बोलल्या मात्र काहीच नाहीत, आणि काका त्यालाच जास्त घाबरलेले दिसले. चहा झाल्यावर ते मला म्हणाले, "त्या बाईनं मोबाईल काडला आन् त्यात म्या. हितं ओट्यावर बसलेला. ह्यो दुलाल रोज आईला फोन लावायचा न्हवं, तवा मागं म्या दिसायचो. चार वर्सं ती मला बगतीया. म्या कुनावर वराडतो, चा कितींदा पितो, समदं ठावं हाय तिला." त्यांनी बशी खाली ठेवली. "नळावर आंगुळ करताना बी बगितलंय. माज्यावर चार वर्सं पाळत, आन् मला पत्त्या न्हाई."

"मोबाईलमुळेच सुटलात की, काका."

"व्हय. लिवलंय म्या तसं." खरंच वहीत लिहिलं होतं.

मग त्यांचा आवाज बदलला. "तितं म्या म्हनलं, भोर. त्यांच्या कॉम्प्युटरात भोर लगीच आलं. कागुद नसताना मला खुर्ची दिली. ह्याच्याकडं समदे कागुद, आन् ह्यो बाकावर. माजं गाव कॉम्प्युटरात आलं, ह्याचं न्हाई आलं. येवडाच फरक, मॅडम." आणि थोड्या वेळाने, "घराची जागा दावली तिनं. एक होडी चालली व्हती. म्हनाली, त्या होडीच्या पल्याड चूल व्हती."

त्या संध्याकाळी त्यांनी हवालदारांना बोलावून फॉर्म मागून घेतला आणि दुलालच्या फॉर्मवर सही केली. हवालदारांनी बाकीचे एकवीस पुढे सरकवले.

"तितं अजून गेलो न्हाई," काका म्हणाले.

हवालदारांनी एकवीस फॉर्म गोळा करून पिशवीत घातले आणि निघून गेले.

बंगालचे बाकीचे पाच जण आधीच खोल्या सोडून गेले होते. दुलाल थांबला होता तो काकांसाठी. आठवड्याने त्यानेही पिशवी भरली. केरळात त्याच्या गाववाल्याने काम बघितलं होतं. मला वाटलं होतं, काका त्याला थांब म्हणतील. काका म्हणाले, "बरूबर हाय तुजं. पन गावी जा. आई येकटी हाय आन् काठ रोज सरकतोय."

"गाँव में काम नाही, काका. जाऊन काय करू?"

रोज सकाळी सगळ्यांना गावी पाठवणाऱ्या काकांनी खिशातून वही काढली. एक पान फाडलं, त्यावर घरच्या तारेच्या फोनचा नंबर लिहिला आणि दुलालला तो दोनदा वाचायला लावला.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी मी ती जागा सोडून भोरला राहायला आले. सामान बांधायचं चाललं होतं त्या आठवड्यात, एका सकाळी काकांचा फोन वाजला. मी खालीच होते. काका खाकरले, त्यांनी फोन उचलला. पलीकडचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं. दक्षिणेकडचा माणूस, तोडकं हिंदी. पोलीस ठाण्यातून बोलतोय. दुलाल नावाचा माणूस ओळखता का?

"हां. पैचानता."

तो तुमच्याकडे राहत होता?

"चार साल. कोपऱ्याचा खोली."

आप उसके कौन हैं? मालिक? रिश्तेदार? क्या लिखूँ?

काकांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळले. "कोन म्हनून सांगू?"

काकी परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "घरमालक म्हना की."

"घरमालक काय, बाकीच्यांचा बी हाय." काकांनी हात काढला. "साब, लिखो. मैं उसके गाव को जाके आया हुवा आदमी है. माँ को देखा. घर को देखा. घर नहीं, जगा देखा. नदी में है. मैं अपने आँख से देखा."

मग "ठीक है, सर" म्हणून फोन बंद झाला. काका माझ्याकडे बघत म्हणाले, "सोडत्याल न्हवं त्याला?"

"सोडतील, काका."

"तुमाला कसं ठावं?"

मी पेट्या आणायला वर गेले. ते फोनजवळच्या खुर्चीवर बसून राहिले. आंघोळीला उठले नाहीत. बाराला काकींनी ताट वाढलं, ते काकांनी झाकून ठेवायला लावलं. मी वरून सामानाच्या पेट्या उतरवत होते, तर जिन्यात पावलांचा आवाज झाला की हात वर करून मला थांबवायचे, घंटी ऐकू येणार नाही म्हणून.

दोन वाजून गेल्यावर फोन वाजला. या वेळी ते खाकरले नाहीत.

"काका, दुलाल बोलतोय. सोडलं. काम पे जा रहा हूँ."

"जेवला का?"

"नाही."

"मग आदी जेव," काका म्हणाले, फोन ठेवला आणि काकींना हाक मारली, "वाढ गं."